भिंतीपलीकडची गिटार

मिस्त्रीच्या दुकानात गिटार दुरुस्तीला घेऊन जाणाऱ्या माणसाला दोन गोष्टी चुकत नसत. एक म्हणजे उभं राहणं, कारण दुकानात स्टूल एकच आणि त्यावर मिस्त्री स्वतः. दुसरी म्हणजे भिंतीपलीकडच्या गिटारीची गोष्ट.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्ता, मागे शाळेच्या सभागृहाची भिंत. डाव्या बाजूला फळ्या उभ्या करून ठेवलेल्या, प्रत्येकीवर खडूने ती आणल्याचं साल. उजवीकडे लांब टेबल, त्यावर रंधे, पटाशा, कानशी, लोखंडी शिकंजे आणि सदैव कोमट असलेलं सरसाचं भांडं. लाकडाचा भुसा इतका उडायचा की मिस्त्रीच्या भुवया कायम पिवळट दिसायच्या. त्या भागात इलेक्ट्रिक गिटारी करणारा तो एकटाच होता, आणि हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

गिऱ्हाईक आलं की तो आधी गिटार हातात घ्यायचा, तिच्या पाठीवर टिचकी मारायचा आणि कान लावायचा. मग निकाल. "पोकळ." किंवा "ओल्या लाकडाची आहे." किंवा वर्षाकाठी एखाद्याला नुसतं "हं." हे "हं" ज्याच्या वाट्याला यायचं तो पुढे आठवडाभर हवेत चालायचा.

कधीतरी एखादा शहाणा, नवा, विचारून बसायचा, "मिस्त्री, इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज तर पिकअपमधून येतो ना? तारा हलतात, चुंबकाला ते कळतं, आवाज निघतो. यात लाकडाचा काय संबंध?"

झालं. मिस्त्री हातातली पटाशी खाली ठेवायचा.

"सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ. मी इथेच, एका गिटारीच्या दोन फळ्या जोडत होतो. सरस लावलेला, शिकंजे आवळत आणलेले. आणि या भिंतीपलीकडून एक गिटार वाजायला लागली. सभागृहात कुणाची तरी तालीम चालली होती. दुकानात तेव्हा शाळेतले एक मास्तर होते, त्यांना म्हटलं, गप्प बसा जरा. भिंतीला कान लावला. अहो, काय आवाज! एक सूर छेडला की संपायचं नाव घेत नव्हता. खालचा सूर छातीत बसत होता, वरचा काचेसारखा स्वच्छ. मास्तरांना म्हटलं, ऐका, याला म्हणतात लाकूड. जुनं, जड, पुरतं वाळलेलं. ज्याने ही गिटार केली त्याच्या पायांवर डोकं ठेवलं पाहिजे."

"मग? कुणाची होती?"

"बघायला जाणार होतो हो. पण सरस लावलेला होता! सरस कुणासाठी थांबतो का? शिकंजे आवळून होईपर्यंत पलीकडचं वाजणं बंद. कोण होता, देव जाणे. पण ते लाकूड होतं, एवढं मी कोर्टात सांगेन."

ही गोष्ट ऐकलेली माणसं चाळीस तरी असतील. काही जण तर मित्रांना मुद्दाम घेऊन यायचे आणि 'मिस्त्री, ती भिंतीची सांगा' अशी फर्माईश करायचे. मिस्त्री दर खेपेला तितक्याच जोशात सांगायचा. पण ज्या एका माणसाला ती सांगायची म्हणून तो सहा वर्षं घोकत होता, तो माणूस दुकानात येत नव्हता. तो त्याचा धाकटा भाऊ.

धाकटा अकरा वर्षांनी लहान. आईवडील दोन वर्षांच्या अंतराने गेले तेव्हा धाकटा शाळेत होता, आणि मिस्त्री दारं-कपाटं करणारा साधा सुतार. धाकट्याला सायकल मिस्त्रीने शिकवली, दाढी करायला मिस्त्रीने शिकवलं. गिटार मात्र तो कुठून शिकून आला ते घरात कुणालाच कळलं नाही. विसावं लागलं तेव्हा एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "दादा, मला गिटार करून दे ना. इलेक्ट्रिक."

"मी कपाटं करतो."

"मग कपाटासारखी कर. पण वाजणारी कर."

मिस्त्रीकडे एक फळी होती. जुन्या कोर्टाची इमारत पाडली तेव्हा साक्षीदारांच्या बाकाची म्हणून त्याने ती उचलून आणली होती. "या लाकडाने आयुष्यभर खोटं ऐकलंय," तो म्हणाला, "आता जरा सुरातलं ऐकू दे." दोन महिने त्याने त्या फळीचं धड कोरलं, घासलं, हाताने तेल पाजलं. दांडा दुसऱ्या लाकडाचा केला, धाकट्याच्या पंजाच्या मापाने. ब्रिज, म्हणजे तारा जिथे खाली अडकवतात ती पट्टी, बाजारातून आणली. पण तिच्याखालचा ठोकळा इतक्या हलक्या धातूचा निघाला की मिस्त्रीने तो दाताखाली धरून दाखवला. शेजारचा छापखाना तेव्हा बंद पडत होता. तिथल्या मोडीत निघालेल्या यंत्राचा एक पोलादी तुकडा मागून आणला, आणि तीन आठवडे रोज कपाटांचं काम संपल्यावर करवतीने कापून, कानशीने घासून, सहा भोकं पाडून त्याने नवा ठोकळा केला. बोटांना फोड आले. धाकट्याने पिकअप केला. वहिनीच्या शिलाई मशीनच्या चाकाला रीळ बांधून केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसला. पाच हजारांवर असताना वहिनीने जेवायला हाक मारली आणि आकडा विसरला. पुढे त्याने अंदाजाने गुंडाळले. किती झाले कुणी विचारलं तर म्हणायचा, "वहिनीला विचारा."

पहिल्यांदा ती गिटार अँप्लिफायरला जोडली आणि धाकट्याने एक तार छेडली. सूर चालूच राहिला. तो विरल्यावर मिस्त्री म्हणाला, "लाकूड!" आणि त्याच क्षणी धाकटा म्हणाला, "लोखंड!" दोघं पोट धरून हसले.

हाच पुढे घरातला खेळ झाला. जेवताना, भाजी निवडताना, आजारपणात सुद्धा. लाकूड. लोखंड. मिस्त्रीने त्या एका आवाजाच्या जोरावर कपाटं सोडली आणि गिटारी करायला घेतल्या. धाकटा त्या आवाजाच्या जोरावर कार्यक्रम करायला लागला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, दोन बस थांबे पलीकडे वेगळं घर झालं. कार्यक्रमाच्या आधी गिटार तपासून घ्यायला तो दादाकडे यायचा. सगळं कसं छान चाललं होतं, आणि अशी छान चाललेली गोष्ट मोडायला फार मोठं कारण लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी ते मिळालं.

मोठा कार्यक्रम होता. पाचशे माणसं. दुसऱ्या रांगेत मिस्त्री, नवा शर्ट घालून, बायकोला घेऊन. एक गाणं संपल्यावर धाकटा माईकसमोर म्हणाला, "सगळे मला विचारतात, हा आवाज कुठून येतो. माझ्या दादाला वाटतं, लाकडातून. खरं सांगू का? आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला हे सामान लावलं असतं ना, तरी असंच वाजलं असतं!"

लोक खो खो हसले. घरातला खेळ होता तो, धाकट्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण घरात दोन माणसं हसणं वेगळं आणि पाचशे माणसं हसणं वेगळं. मिस्त्रीला तोंडात मारल्यासारखं झालं. तो उठला आणि बायकोची वाट न बघता चालता झाला.

दुसऱ्या दिवशी धाकटा दुकानात आला तो हसतच. मिस्त्रीने त्याच्या हातातून गिटार घेतली, टेबलावर आडवी ठेवली आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"वाटणी करू," तो म्हणाला. "लोखंड तुझं, लाकूड माझं."

धाकट्याला आधी थट्टाच वाटली. मिस्त्रीने तारा सैल केल्या. ब्रिज काढला, त्याखालचा ठोकळा काढला, पिकअप, बटणं, खुंट्या, एकेक स्क्रू मोजून कागदी पिशवीत टाकला. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती खाली बघायला लागली.

"दादा, असं नको ना करूस."

"का? टेबलाला लाव की. वाजव."

"दांडा?" धाकट्याने विचारलं. "तो माझ्या हाताला बसलाय."

"ने. आवाज दांड्यात नसतो. धड इथे राहील."

धाकट्याने पिशवी हातात घेतली. डोळे भरले होते त्याचे, पण तोही त्याच आईचा मुलगा. "बरं," तो म्हणाला. "टेबलालाच लावतो."

ते शेवटचं बोलणं.

मिस्त्रीने धड भिंतीवर टांगलं, सभागृहाच्या भिंतीवर, बरोबर आपल्या डोळ्यांसमोर. आपण टरफलं देऊन टाकली आणि दाणा ठेवून घेतला असं त्याला मनापासून वाटत होतं. बायको सुरुवातीला मागे लागायची, "अहो, नुसतं जाऊन तर या. तुमचं लेकरूच आहे ते." मिस्त्री म्हणायचा, "तो येईल. आवाज इथे आहे. जाईल कुठे?" एक वर्ष गेलं. तीन गेली. नऊ गेली. दोन बस थांबे होते मधे, दुसरं काही नव्हतं. दर आठवड्याला तो धडावरची धूळ पुसायचा आणि टिचकी मारून बघायचा. धड अजून वाजत होतं. मग आपलंच खरं.

चार महिन्यांपूर्वी धाकटा स्वतःच्या घराच्या जिन्यावर खाली बसला तो उठलाच नाही. सेहेचाळीस वय. त्याच्याबरोबर ड्रम वाजवणाऱ्याने फोन केला. मिस्त्री गेला आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा राहिला. भावजयीने त्याला पाहिलं, ओळखलं आणि मान फिरवली. तिचं काही चुकलं असं मिस्त्रीलाही वाटलं नाही.

त्यानंतर त्याला वाद जिंकायचा नव्हता. त्याला फक्त तो आवाज ऐकायचा होता. भावाचं त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते भिंतीवर टांगलेलं होतं. त्याने धड खाली काढलं. परदेशी बनावटीचा, कॅटलॉगमधला सगळ्यात चांगला ब्रिज मागवला, सगळ्यात चांगला पिकअप मागवला. नवा दांडा केला, जुन्याच मापाचा. ते माप अजून त्याच्या हातात होतं. सगळं बसवलं, तारा चढवल्या, अँप्लिफायरला जोडलं, आणि एक तार छेडली.

चांगला आवाज होता. कुठल्याही दुकानात मिळतो तसा चांगला.

मिस्त्रीने तारा बदलल्या. पिकअप बदलला. ब्रिज बदलला, पुन्हा बदलला. दांड्याच्या सांध्यात कागदाची घडी घालून बघितली. टिचकी मारली की धड पूर्वीसारखंच घुमायचं आणि वायर जोडली की मुकं व्हायचं. बायको चहा घेऊन यायची, दारात उभी राहून ऐकायची. "छान वाजतंय की."

"हा तो नाही."

"अहो, चार महिने झाले..."

"हा तो नाही, सांगतोय ना!"

त्याने दमट हवेला दोष दिला, तारांना दिला, स्वतःच्या कानांना दिला. डॉक्टरकडे जाऊन कान तपासून आला. कान उत्तम होते. एकाच गोष्टीवर संशय घ्यायची त्याची छाती झाली नाही.

अशाच एका दुपारी दुकानाच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पाठीवर गिटारीची काळी पिशवी. सगळा भार एका पायावर टाकून उभी. ती उभं राहायची तऱ्हा धाकट्याची होती.

"काका, मी..."

"ओळखलं." अकरा वर्षांची असताना पाहिलेली पुतणी. आता वीस वर्षांची होती, हनुवटी बापाची. मिस्त्री उठला, स्टूल झटकलं आणि तिच्यापुढे सरकवलं. त्या स्टुलावर आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

"बाबांची गिटार आहे," ती म्हणाली. "आवाज मधेच जातो. तीन दुकानं फिरले, कुणी हात लावेना. एक जण तर हसला. आईने सांगितलं होतं, तिथे पाय ठेवायचा नाही. तिला न सांगता आलेय."

तिने पिशवीची चेन उघडली. आतून जे निघालं ते बघून त्या दुकानदाराला हसू का आलं ते मिस्त्रीला कळलं. जाड प्लायवूडचं, गिटारीच्या आकारात कापलेलं धड. कडेने प्लायचे थर उघडे. वरून फिकट निळ्या चौकड्यांची सनमाईका, आणि एका कोपऱ्यात गरम भांडं ठेवल्याचा गोल डाग.

"हे काय आहे?"

"आमचं जेवायचं टेबल," पुतणी म्हणाली. "तुमच्याकडून आले त्याच आठवड्यात बाबांनी कापलं. आम्ही दोन महिने जमिनीवर बसून जेवलो. आई अजून त्यावरून बोलते." हसली, आणि मग हसायचं थांबली.

सवयीने मिस्त्रीचा हात पुढे गेला आणि त्याने टिचकी मारली. खोक्यावर मारावी तसा आवाज आला. थप्प. मग त्याने गिटार उलटी केली. तिच्या पाठीत कापलेल्या खिडकीतून ठोकळा दिसत होता. पोलाद काळवंडलं होतं, पण त्यावरच्या कानशीच्या रेघा तशाच होत्या, जरा डावीकडे झुकलेल्या. माणसाला आपलं अक्षर ओळखू येतं तशा त्या त्याला ओळखू आल्या.

"बाबा सगळ्यांना सांगायचे," पुतणी म्हणाली, "आवाज लोखंडाचा आहे, आणि लोखंड दादाचं आहे. तीन आठवडे घासत होता म्हणून. फोड आले होते ना तुम्हाला?"

मिस्त्री वायरी तपासायला लागला. वायरीचा एक टाका सुटला होता, बाकी काही नव्हतं. पाच मिनिटांचं काम. त्याने कथिलाचा डाग दिला, गिटार अँप्लिफायरला जोडली आणि तिच्या हातात दिली. "वाजव."

तिने एक तार छेडली.

तोच. खालचा सूर छातीत बसणारा, वरचा काचेसारखा, आणि संपायचं नाव न घेणारा. धाकटा विशीत असताना दोघा भावांनी ऐकलेला आवाज, जेवायच्या टेबलातून. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"मला हिचे स्क्रू खोलू दे," तो म्हणाला. "परत जशीच्या तशी करून देतो. दुपार जाईल तुझी."

त्याने सगळं सामान जेवायच्या टेबलाच्या धडावरून काढलं आणि साक्षीदारांच्या बाकाच्या धडाला लावलं. तेच स्क्रू, जुन्याच भोकांत. तोच दांडा, त्याच तारा. पुतणीने वाजवलं. तोच आवाज. पुन्हा खोलून टेबलाला लावलं. तोच. पुन्हा बाकाला. मिस्त्री तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, डोळे मिटले, श्वास धरला. फार कान ताणला तर नखाएवढा काहीतरी फरक आहे असं वाटायचं. पिकअपचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की तोही पुसला जायचा. चाळीस वर्षं वाळलेलं लाकूड, आणि अर्धा फेरा. हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून तो तसाच उभा राहिला. नऊ वर्षं त्याने एका फळीची धूळ पुसली होती. ज्यात आवाज होता ते लोखंड त्याने स्वतःच्या हाताने मोजून, कागदी पिशवीत घालून भावाच्या हातात दिलं होतं, आणि दिलं ते टोमणा म्हणून.

पुतणी इकडे तिकडे बघत होती. "काका, ही सभागृहाची भिंत का?"

"हो."

"मग तुम्हाला एकदा तरी ऐकू आलं असेल. मी चौदा वर्षांची होते. बाबांची तालीम होती तिथे. दुपारी. मला बरोबर घेऊन आले होते. त्यांनी अँप्लिफायरचं तोंड या भिंतीकडे केलं. ड्रमवाले काका ओरडायला लागले, लोक इकडे बसणार आहेत, तू भिंतीला काय ऐकवतोयस? बाबा म्हणाले, माझा ऐकणारा तिकडे आहे."

मिस्त्रीने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"वाजवून झालं तसे मागच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून तुमचं दुकान दिसतं. मला म्हणाले, दादा येईल बघ आता. ऐकलं की राहवणार नाही त्याला." ती थांबली. "खूप वेळ उभे होते. मला भूक लागली होती, मी कुरकुर करत होते. शेवटी म्हणाले, चल. सरस लावून बसला असेल."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिकामी पिंपं उतरवत होतं.

"मी ऐकलं होतं," मिस्त्री म्हणाला.

"हो? मग काय म्हणालात?"

ही गोष्ट त्याने चाळीसदा सांगितली होती. तो त्याच शब्दांनी सुरू झाला. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, दुपारची वेळ, मी इथेच फळ्या जोडत होतो. भिंतीला कान लावला इथपर्यंत आला आणि त्याचं घोडं अडलं. पुतणी वाट बघत होती.

"म्हणालो... ज्याने ही गिटार केली त्याच्या पायांवर डोकं ठेवलं पाहिजे."

"कुणाला म्हणालात?"

"एक मास्तर होते दुकानात."

"बाबांना कुणी सांगितलं का हे?"

"नाही."

तिने मान हलवली. "सांगायला हवं होतं, काका." रागाने म्हणाली असती तर त्याला ते सोसलं असतं. ती साधंच म्हणाली, निरोप द्यायचा राहून गेला तर माणूस म्हणतो तसं.

सामान त्या क्षणी बाकाच्या धडावर होतं. मिस्त्रीने ते तिच्यापुढे सरकवलं. "हे असंच घेऊन जा. दिसायलाही चांगलं आहे. तुझ्या बापासाठीच केलं होतं."

तिने धडावरून हात फिरवला. त्या लाकडाची झळाळी खरोखर सुंदर होती. "छान आहे हो," ती म्हणाली. "पण टेबलच राहू दे. त्यावर मी बाराखडी शिकलेय."

त्याने मुकाट्याने सगळं पुन्हा टेबलाला लावलं.  काम झाल्यावर तिने पर्स उघडली तेव्हा त्याने हातानेच नको म्हटलं. "पुन्हा काही झालं तर ये," तो म्हणाला. "येईन," ती म्हणाली, पण कुठल्याही दुरुस्तीवाल्याला म्हणतात तसं. पिशवी पाठीवर टाकून ती कोपऱ्यावरून वळली.

मिस्त्रीने भिंतीला कान लावला. सभागृह रिकामं होतं. त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा तो तसाच उभा होता. कोर्टाच्या बाकाचं ते धड परत भिंतीवर गेलं नाही. इतर फळ्यांच्या रांगेत उभं राहिलं, आणि त्यावर त्याने खडूने सालही लिहिलं नाही.

आठवड्याभराने एक जुनं गिऱ्हाईक आलं, बरोबर नव्या मित्राला घेऊन. मित्राने नवी गिटार आणली होती. मिस्त्रीने ती घेतली, उलटी केली, ब्रिजखालचा ठोकळा पाहिला. टिचकी मारली नाही.

"मिस्त्री," जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "याला ती भिंतीची सांगा ना. याला वाटतं लाकडाने काही फरक पडत नाही."

मिस्त्रीने गिटार टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "पलीकडे एक गिटार वाजत होती. चांगली वाजत होती."

पुढचं येईना तेव्हा नव्या मित्राने विचारलं, "मग? कुणाची होती?"

"माझ्या भावाची. मागच्या दारात उभा राहून माझी वाट बघत होता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग तुम्ही गेला नाहीत?"

मिस्त्रीने टेबलावरच्या भांड्याकडे पाहिलं.

"सरस लावलेला होता," तो म्हणाला.